नागपुरात नवीन आलात? आधी खिडकी उघडा

दरवर्षी मे महिन्यात बदल्यांच्या ऑर्डरी निघतात आणि मग मला फोन सुरू होतात. कोणी रत्नागिरीचं, कोणी पुण्याचं, कोणी कोल्हापूरचं, ओळखीतल्या ओळखीतून नंबर मिळवलेला असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, ताई एसी घेऊ की कूलर? दुसरा प्रश्न, खरंच एवढं ऊन असतं का हो? म्हटलं यावेळी एकदाच लिहून काढते, म्हणजे तेच तेच सांगायला नको.

मी मूळची राजापूर तालुक्यातली. २००४ साली बँकेतून बदली होऊन इकडे आले, तीन वर्षांत परत जायचंच आहे म्हणून निम्मे खोके उघडलेसुद्धा नव्हते. मधे यवतमाळ झालं, भंडारा झालं, फिरून परत नागपूर झालं, मग इथेच घर घेतलं. आता माहेरी गेले की भाऊ हसतो, म्हणतो "तू हे 'जेवून राहिले, येऊन राहिले' काय बोलतेस गं".

तर कूलर. पहिल्या उन्हाळ्यात मी मोठा लोखंडी कूलर आणला, खिडकीत बसवला, पाणी भरलं आणि एसी लावल्यासारखी सगळी दारं-खिडक्या गच्च बंद करून बसले. अर्ध्या तासात चादर ओलसर, अंग चिकचिक, अगदी आमच्या गावच्या जूनसारखं. म्हटलं फसवलं दुकानदाराने. घरमालकीण आजी वर आल्या, दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "पोरी, खिडकी काहून बंद करून ठेवली? हवा जाईन कुठून?" समोरची खिडकी त्यांनीच उघडली आणि पाच मिनिटांत खोली गार. कूलर म्हणजे दुसरं काही नाही, बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढायची, पाणी सुकताना हवेतली उष्णता घेतं, आणि ती गार हवा खोलीतून पुढे बाहेर निघून गेली पाहिजे. हवा जितकी कोरडी तितका तो चांगला चालतो, आणि इथला एप्रिल-मे एवढा कोरडा असतो की दहा-पंधरा अंशांचा फरक आरामात पडतो. हेच यंत्र रत्नागिरीला नेलंत तर नुसता पंखा, वर ओलाव्याचा त्रास, कारण तिथल्या हवेत आधीच पाणी भरलेलं असतं. म्हणून पाऊस सुरू झाला की इथेही कूलर निरुपयोगी होतो, जून-जुलैत एसी बरा वाटतो. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या मार्चमधेच बदलून घ्या, एप्रिल उजाडला की कारागीर फोन उचलत नाहीत. आणि टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढा, डेंग्यूचे डास त्यातच होतात.

शाळेत भूगोलात आपण सम हवामान आणि विषम हवामान असं पाठ केलं होतं, खारे वारे मतलई वारे, एका मार्काला यायचं. मला त्याचा अर्थ वयाच्या एकतिसाव्या वर्षी नागपुरात कळला. कोकणात समुद्र शेजारी असतो, तो दिवसा जमिनीला फार तापू देत नाही, रात्री फार गार होऊ देत नाही, त्यामुळे वर्षभर अंगावर तोच एक सुती कपडा चालतो. नागपूर समुद्रापासून इतकं आत की इथे जमिनीला आवरणारं कोणी नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ होतं, आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५. एकच शहर, ४४ अंशांचं अंतर. माझ्या गावी याच्या जवळपासचा फरकसुद्धा बघायला मिळत नाही. (२०२४ च्या मे अखेरीस ५६ अंशांचे मेसेज फिरले होते ते सोडून द्या, हवामान खात्याने नंतर सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. पण माहेरहून मला त्या दिवशी किती फोन आले ते विचारू नका.)

मेचा शेवट इथे सगळ्यात वाईट का, तर साधं गणित आहे. सूर्य उत्तरेकडे सरकत सरकत रत्नागिरीच्या बरोबर डोक्यावर मेच्या पहिल्या पंधरवड्यात येतो आणि नागपूरच्या डोक्यावर २६ मेच्या आसपास. तिकडे तोपर्यंत ढग जमायला लागलेले असतात, सात-आठ जूनला पाऊस दारात. इथे मात्र आभाळ कोरं करकरीत आणि पाऊस यायला जूनचा मध्य किंवा त्याच्याही पुढे. याच दिवसांना इथे नवतपा म्हणतात, रोहिणी नक्षत्रात सूर्य आला की पहिले नऊ दिवस. मी आधी हसले होते, आता लग्नाची पत्रिका आली की आधी तारीख नवतपात येते का ते बघते.

त्यामुळे दिवसाचं वेळापत्रक बदला, हे पहिल्याच आठवड्यात करा. भाजी, बँक, गॅस, जी काय बाहेरची कामं असतील ती सकाळी दहाच्या आत. अकरा ते पाच रस्त्यावर जायचं नाही, जावंच लागलं तर दुपट्टा किंवा शेला डोक्याला, कानाला, तोंडाला पूर्ण गुंडाळून. पहिल्या दिवशी स्टेशनबाहेर स्कूटरवरच्या मुली बघून मला वाटलं इथे सगळ्या बँक लुटायला निघाल्यात की काय. कान झाकणं महत्त्वाचं, इथल्या बायका सांगतात की ऊन कानातून लागतं, डॉक्टर काय म्हणतील माहीत नाही पण मी वीस वर्षं ऐकत आलेय आणि मला एकदाच ऊन लागलंय, ते पहिल्या वर्षी, न ऐकल्यामुळे. घाम येतो पण दिसत नाही, लगेच सुकतो, म्हणून तहान लागल्याचं कळतच नाही. कोकणात शर्ट भिजला की आपण पाणी पितो, इथे शर्ट कोरडा असतो आणि डोकं गरगरतं. तेव्हा तहान नसली तरी प्या, कैरीचं पन्हं करून ठेवा, मीठ-साखर घालून. मुलांचा घोळणा फुटतो कधीकधी, घाबरू नका, कोरड्या हवेने होतं, वारंवार झालं तर मात्र दाखवा. हल्ली काही चौकांत सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधतात आणि दुपारी काही सिग्नल बंदच ठेवतात, कारण लाल दिव्याला त्या उन्हात मिनिटभर थांबणं ही शिक्षाच आहे. पुण्याच्या दुपारच्या झोपेवर सगळे विनोद करतात, नागपूरची दुपार ही झोप नाही, नाइलाज आहे.

शाळेचं आधीच सांगून ठेवते, दरवर्षी कोणीतरी फसतं. मुंबई-पुण्याकडे शाळा पंधरा जूनच्या आसपास उघडतात, विदर्भात उन्हामुळे त्यानंतर, जूनच्या शेवटाकडे. पंधरा तारखेला पोराला युनिफॉर्म घालून गेटवर नेलंत तर फक्त वॉचमन भेटेल.

आणि एक मजेशीर गोष्ट जिच्याबद्दल कोणीच सांगत नाही. घड्याळ महाराष्ट्रभर एकच आहे पण सूर्य एकच नाही. नागपूर रत्नागिरीच्या जवळजवळ सहा रेखांश पूर्वेला, म्हणजे तेवीस-चोवीस मिनिटं आधी सगळं. हिवाळ्यात संध्याकाळी तर अर्ध्या तासाचा फरक पडतो, डिसेंबरात साडेपाचलाच सूर्य मावळतो. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा सहाला काळोख बघून म्हणाली, आभाळ भरून आलंय वाटतं. ऑफिस सुटून घरी पोचेपर्यंत रात्र, पहिल्या हिवाळ्यात याने जरा उदास वाटतं, मग सवय होते आणि उलट पहाटे फिरायला जायला लागता.

घर बघताना. सगळ्यात वरचा मजला घेऊ नका, भाडं कमी असतं ते उगाच नसतं, स्लॅब रात्री एकपर्यंत उष्णता सोडत बसतो. घ्यावाच लागला तर गच्चीला पांढरा रंग मारून घ्यायला घरमालकाला पटवा. बेडरूमची भिंत पश्चिमेला नको. आपल्याकडे वाऱ्याची म्हणून पश्चिम बाजू लोक मुद्दाम मागतात, तो समुद्राचा वारा असतो, इथे पश्चिमेकडून मे महिन्यात येते ती भट्टीची वाफ. नाल्याच्या किंवा नाग नदीच्या काठी घर मिळत असेल तर शेजाऱ्यांना एवढंच विचारा, २३ सप्टेंबर २०२३ ला तुमच्याकडे पाणी कुठपर्यंत आलं होतं. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांमधे लोकांच्या गाड्या वाहून गेल्या. प्लॉट घेणार असाल तर माती बघा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, घराचा पाया नीट खाली मुरमापर्यंत नेलेला नसेल तर दोन-तीन वर्षांत भिंतींना तडे. आम्ही कोकणातली माणसं जांभ्यावर घर बांधणारी, आम्हाला जमीन हलते हेच माहीत नव्हतं. माझ्या कंपाउंडची भिंत एकदा पडून झालीय.

पाऊस. आकडे बघून कोकणातल्यांना वाटतं इथे पाऊसच नाही, रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि नागपूरला हजार-अकराशे. पण साताऱ्याच्या माण-खटावचा माणूस इथे आला की तो म्हणतो अहो किती पाऊस. सह्याद्रीने महाराष्ट्राचं पाणीवाटप असं करून ठेवलंय की महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर ओतायचं आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे टँकर. विदर्भ मात्र त्या सावलीच्या खूप पलीकडे आहे, इथला पाऊस बराचसा बंगालच्या उपसागराकडून येतो. ओडिशाच्या किनाऱ्याला कमी दाबाचा पट्टा तयार झाला अशी बातमी आली की दोन दिवसांनी इथे छत्री शोधायची. मला हे अंगवळणी पडायला फार वेळ लागला. लहानपणापासून मी पाऊस पश्चिमेकडे, समुद्रावर काळं दिसलं की येतो असं शिकलेली, इथे मी पश्चिमेकडे बघून कपडे वाळत घालायचे आणि मोठा पाऊस मागून यायचा. कोकणात तो रोज येतो, इथे येतो तर तीन दिवस झड लागते आणि मग दहा दिवस दडी.

ही दडी काय असते ते मला यवतमाळच्या शाखेत कळलं. कोरडवाहू कापूस, काळी जमीन, आणि सगळं जूनच्या दोन पावसांवर. पेरणी झाली, कोंब वर आले आणि पाऊस थांबला की दुबार पेरणी, म्हणजे बियाणं परत, पैसे परत, आणि ते पैसे आमच्याच काउंटरवर मागायला आलेली माणसं. माझ्या गावी भाताचं नुकसान झालं तर मुंबईहून कोणाची तरी मनीऑर्डर यायची. इथल्या शेतकऱ्याला तसं मागे कोणी नाही, हे आकड्यांत दिसत नाही पण समोर बसल्यावर दिसतं.

भंडाऱ्याला गेले आणि वाटलं आपण परत कोकणात आलो. धानाची खाचरं, कवेलूची उतरती घरं (आपण कौलं म्हणतो ती), तळी आणि घरोघरी भात. एक खातेदार म्हणाले, आमचं शेत मामा तलावाखाली आहे. मी सहज विचारलं, कोणाच्या मामांचा? अख्खी शाखा हसली. मामा म्हणजे माजी मालगुजारी (मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारे जुने जमीनदार), पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत, कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले, मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानाची तहान ते भागवत आले. विचार करा, आमच्याकडे तिप्पट पाऊस पडतो पण जांभा तो धरूनच ठेवत नाही, सगळा समुद्रात, आणि मे महिन्यात आईकडे टँकर. इथल्या लोकांनी एक तृतीयांश पावसात तळी भरून ठेवली.

आणि धान कापलं की रिकामा वेळ. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते (भाजीची नव्हे, जत्राच ती), रात्रभर झाडीपट्टीची, म्हणजे या धानाच्या पट्ट्यातली नाटकं चालतात, गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्याचं मोठं ठाणं, हजारो माणसं थंडीत शाल पांघरून पहाटेपर्यंत बसलेली. आमच्या दक्षिण कोकणात दशावताराचा हंगाम याच सुमारास उघडतो, तिथेही भात घरात आल्यावर. महाराष्ट्राच्या दोन टोकांची माणसं एकमेकांना न विचारता एकाच महिन्यात नाटकाला बसतात कारण पीक एकच. एकदा जाऊन बघा, घोंगडी न्या.

सणांचंही तसंच. कोल्हापूर-सांगलीकडचे लोक बेंदूर आषाढात करून मोकळे झालेले असतात, इथे पोळा श्रावण अमावास्येला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार, चॉकलेटं तयार ठेवा नाहीतर तोंड लपवावं लागेल. त्याच दिवशी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, काळी आणि पिवळी, शंभर वर्षांहून जुनी मिरवणूक, नागपुरातच बघायला मिळेल अशी. लोक ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत. पावसाळ्याच्या त्या टप्प्याला घराघरात ताप-खोकला असतो, तेव्हा ती मागणी काही हवेतली नाही.

जेवण. भाजीवाली विचारेल सांबार देऊ का, तर घ्या, ती कोथिंबीर आहे. नारळ महाग आणि बरेचदा खवट निघतो, त्याच्या मागे लागू नका. इथला रस्सा जवस, खसखस, तीळ आणि सुक्या खोबऱ्यावर उभा असतो, कारण तेच या हवेत पिकतं नाहीतर टिकतं. सावजी पहिल्याच दिवशी खाऊ नका, महिनाभर थांबा, सुरुवात तर्री पोह्यांनी करा. मासे खाणाऱ्यांनी समुद्र विसरायचा, बर्फातून आलेल्या पापलेटच्या डोळ्यांत बघून मला रडू यायचं, मग रोहू शिकले. हिवाळ्यात मात्र सगळी भरपाई होते. तुरीचे सोले, पोपटाचे (म्हणजे वालाचे) दाणे, हरभऱ्याची भाजी, आणि संत्री. दोन बहर असतात, आंबिया दिवाळीच्या आगेमागे आणि मृग साधारण फेब्रुवारी-मार्चला. मृगाच्या झाडांना मे महिन्यात पाणी तोडून ताण देतात आणि जूनच्या पावसाने ती फुलतात, म्हणजे ज्या उन्हाला आपण शिव्या देतो त्याच उन्हाचं ते फळ. काटोल, वरुडकडच्या माणसाशी ओळख झाली तर जपा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी नागपूर स्वर्ग आहे, स्वेटर कपाटातून बाहेर काढा. इंग्रज अधिकारी उन्हाळ्यात इथून पचमढीला पळायचे आणि आपलं विधिमंडळ अधिवेशनाला डिसेंबरात येतं, दोघांनाही हवामान बरोबर कळलेलं. अधिवेशनाच्या दिवसांत पाहुणे बोलावू नका, हॉटेल मिळत नाही.

माझ्या ऑफिसात एक लातूरचा सहकारी होता. २०१६ मधे मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं ते त्याने घरी पाहिलेलं. नागपूरला पेंच धरणाचं पाणी भरपूर मिळायचं तरी हा माणूस रात्री घरातली सगळी भांडी भरून ठेवायचा, पातेली, डबे, पोराची वॉटरबॅगसुद्धा. बायको ओरडायची. मी काही बोलले नाही, कारण मी स्वतः अजून मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकते. इथे मीठ वर्षातले बरेच महिने ओलं होतच नाही.

येताना काय आणायचं? कोकम आणा भरपूर, मे महिन्यात शेजाऱ्यांना सरबत दिलंत की ओळखी फुकट होतात. लोणच्याच्या बरण्या आणा. कुरडया-पापड आणू नका, इथे एका दिवसात कडक वाळतात, कोकणात आम्ही ढगाशी शर्यत लावायचो. जुनं लाकडी सामान आणू नका. आजीचा फणसाचा पाट मी हौसेने आणला होता, साठ वर्षं कोकणच्या पावसात टिकलेला, पहिल्याच मे महिन्यात रात्री फाटकन आवाज झाला आणि मधोमध चिरला. आणि जॉइनिंगची तारीख पुढे ढकलता येत असेल तर जूनअखेर मागून घ्या, नसेल येत तर निदान पहाटे पोचणारी गाडी बघून तिकीट काढा, दुपारी दोनला सामान-पोरांसकट नागपूर स्टेशनवर उतरू नका.